पंचफुलाबाईंची किळस

पू पाहून पंचफुलाबाईंच्या कपाळावर कधी आठी पडली नाही. एखाद्या पोरीच्या गालावरची पिकलेली गाठ फुटून त्यांच्या चष्म्याच्या काचेवर उडाली, तरी त्या शांतपणे चष्मा काढायच्या, स्पिरिटच्या बोळ्याने पुसायच्या आणि म्हणायच्या, "गेली बला. आता हलू नको." दहा मिनिटांनी हात धुऊन मागच्या खोलीत लाखोळीचं वरण नि भात कालवून जेवायला बसायच्या. मी समोर असलो तर माझा घास तोंडातल्या तोंडात फिरायचा. त्यांना ते कळायचं. "भाऊ, पू म्हंजे आंगानं केलेलं काम हाय. कामाची कायची घाण?" असं म्हणून त्या लोणच्याची फोड तोंडात टाकायच्या.

घाण त्यांना दुसऱ्याच गोष्टींची वाटायची. एकीच्या कपाळाला बांधलेला पट्टा न धुता दुसरीला बांधला, की त्यांच्या नाकपुड्या फुगायच्या. दाराशी ठेवलेलं गुलाबाच्या वासाचं फवारणीचं यंत्र फुसफुसलं, की त्या उठून खिडकी उघडायच्या. 'ग्लो' हा शब्द कोणी उच्चारला तर दाताखाली खडा यावा तसं तोंड करायच्या. आमच्या दवाखान्यात हा शब्द दिवसातून शंभरदा निघायचा, तेव्हा त्यांच्या तोंडाचं काय होत असेल, ते समजून घ्यावं.

चंद्रपुरात एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर आमचा त्वचेचा दवाखाना होता. नाव सांगत नाही. आता तिथे चष्म्याचं दुकान आहे. सात वर्षं मी तिथला काउंटर सांभाळला. फॉर्म भरणं, बाटल्या मागवणं, फोटो काढणं, नंतरच्या काळजीचं कार्ड लिहून देणं, हे माझं काम. डॉक्टरांना आम्ही साहेब म्हणायचो. साहेबांची डिग्री खरी होती, हातही चांगला होता. फक्त घाई होती. आणि चेहऱ्याच्या कामात घाईइतका घाणेरडा रोग नाही, हे बाईंचं मत होतं.

सगळ्यात जास्त चालायचा तो पील. पिंपल जातात, खड्डे राहतात. त्या खड्ड्यांवर आम्ल लावायचं, वरचा थर जाळायचा, म्हणजे पाच-सात दिवसांत साल सुटते आणि खालून नवी कातडी येते. दर तीन आठवड्यांनी एकदा, असं पाच-सहा वेळा केलं की खड्डे उथळ होतात. जात नाहीत, उथळ होतात. हे साहेब कधी सांगत नसत, बाई दर वेळी सांगायच्या. आमच्याकडच्या सावळ्या चेहऱ्यावर नवी कातडी आली की ती तान्ह्या पोरासारखी असते. तिला ऊन लागलं, चुलीची आच लागली, कोणी ओरबाडलं, की ती काळी पडते. मग खड्डा असतो तो असतोच, आणि वर काळा चट्टा. म्हणून आधी काही आठवडे मलम लावून चेहरा तयार करायचा आणि नंतर नुसता सांभाळायचा. साबण नाही, वाफ नाही, घासणं नाही, हळद-बेसन नाही. साधं मलम आणि दर तीन तासांनी सनस्क्रीन. आम्ल लावायला साहेबांना पाच मिनिटं पुरायची. पुढचे दिवस बाईंचे असायचे.

आमच्याकडे येण्याआधी सतरा वर्षं त्यांनी ऊर्जानगरकडच्या एका दवाखान्यात जळालेल्यांच्या खोलीत ड्रेसिंग केलं होतं. नवरा गेल्यावर रात्रपाळी झेपेना म्हणून इकडे आल्या. पहिल्या दिवशी त्यांनी आमची ती गुळगुळीत खुर्ची, गोल दिवा, भिंतीवरच्या गोऱ्या बायांचे फोटो असं सगळं पाहून घेतलं आणि मला म्हणाल्या, "तिथी लोक आगीत सापडून जळत होते. इथी पैसे देऊन, आरशात पाहून जळतात. बरं हाय."

त्यांच्या डाव्या हाताच्या आतल्या बाजूला, मनगटापासून कोपरापर्यंत, नाण्याएवढे फिकट-काळसर गोल होते. नवी बाटली आली की त्या आधी स्वतःच्या हातावर ठिपका लावून, घड्याळ पाहून, पुसून घ्यायच्या. एकदा लेबल घासलेली बाटली आली होती. साहेब म्हणाले, नेहमीचीच आहे. बाईंच्या हातावर अर्ध्या मिनिटात बर्फासारखा पांढरा थर धरला, म्हणजे आम्ल नेहमीपेक्षा जहाल होतं. त्यांनी बाटली बंद केली, हात धुतला आणि ती बाटली साहेबांच्या टेबलावर, त्यांच्या चहाच्या कपाशेजारी ठेवून दिली. साहेबांनी तो चहा प्यायला नाही.

मलाही त्यांनी एकदा हात पुढे करायला लावला. "जो मानूस कार्ड लिहिते, त्यानं एकदा जळून पाहावं," म्हणाल्या. सौम्यच आम्ल होतं, तरी मी हात मागे ओढला. तेव्हा त्या हसल्या. "पोट्ट्या ओढत नाईत, भाऊ. मुठी आवळून बसतात. तुमी पाहत नाई, तुमी मोबाइलमधी असता."

ऊर्जानगरच्या क्वार्टरमधल्या एक बाई आमच्याकडे यायच्या. नवरा तिथल्या वीज प्लांटमध्ये इंजिनियर. पीलनंतर सहाव्या दिवशी त्या आल्या त्या थेट काउंटरवर. तोंड उकडलेल्या बिटासारखं लाल. पर्समधून त्यांनी कानातल्यांची छोटी डबी काढली, झाकण उघडून माझ्यासमोर धरली आणि कौतुकाने म्हणाल्या, "बघा तरी, किती निघालं!" डबीत त्यांच्याच चेहऱ्याची साल होती. पापडाच्या तुकड्यांसारखी, कडेला गुंडाळलेली, एका तुकड्याला केस चिकटलेला. मी मान फिरवली. पंचफुलाबाईंनी चष्मा वर करून डबीत नीट पाहिलं. मग म्हणाल्या, "छान जपून आनलं. आता हे जागच्या जागी परत लावून द्या."

त्या बाई हसायला गेल्या आणि त्यांच्या लक्षात आलं, ही बाई हसत नाही.

"साल झाडानं सोडावी लागते, बाई. आपन ओढलं का खालचं लाकूड उघडं पडते. मंग ऊन काय, किडा काय, सारेच येतात." एवढं बोलून त्यांनी तिला आत नेलं आणि तासभर थंड पाण्याच्या घड्या ठेवत बसल्या. पुढे ती बाई साहेबांना विचारतच नसे. पंचफुलाबाई आहेत का, एवढंच फोनवर विचारून यायची. डबी मात्र बाईंनी तिला परत नेऊ दिली नाही.

फोटोंबद्दल सांगायला हवं, कारण ती घाण माझी होती. पहिला फोटो मी ट्यूबलाइटच्या खाली घ्यायचो, खालून, चेहरा तेलकट असताना. दुसरा गोल दिव्यासमोर, पावडरचा हात फिरवून, हनुवटी वर करायला सांगून. दोन फोटो शेजारी लावले की मधे काहीही न करता अर्धे खड्डे जायचे. साहेबांनी हे मला शिकवलं नव्हतं. माझं मीच शोधून काढलं होतं आणि मला त्याचा अभिमान होता. बाई एकदा माझ्यामागे उभ्या राहून बघत होत्या. म्हणाल्या, "पयल्या फोटोत तुमी पोरीले शिवी देता, दुसऱ्या फोटोत तिच्या मायबापाशी खोटं बोलता. बाकी मशीन चांगलं हाय." मी हसण्यावारी नेलं. त्या दिवशी घरी गेल्यावर मी दोनदा हात धुतले, एवढं आठवतं. फोटो काढणं काही सोडलं नाही.

आता बाईंच्या त्या एका प्रश्नाबद्दल.

आमच्याकडे निम्म्या पोरी जंगलपट्टीतल्या यायच्या. पोंभुर्णा, मूल, गोंडपिपरी, पार अहेरीकडच्या. अहेरीला साहेब पंधरवड्यातून एकदा, बाजाराच्या दिवशी बसायचे. पहिल्याच उन्हाळ्यात या पोरींपैकी अर्ध्या काळ्या होऊन परत आल्या. प्रत्येकीला विचारलं, उन्हात गेली होतीस? प्रत्येकीने शपथेवर नाही म्हटलं. साहेब म्हणाले, या खोटारड्या. बाईंनी तीन दिवसांची रजा टाकली आणि त्यांतल्याच एकीच्या गावी जाऊन राहिल्या. परत आल्या तेव्हा त्यांच्या केसांना धुराचा वास होता.

"खोट्या नाईत," त्यांनी सांगितलं. "मोहाले जातात. पहाटं चार वाजता टोपले घेऊन निघतात, झाडाखालचा पाला जाळतात, मंग फूल पडते ते नऊ-दहापर्यंत येचतात. मंग आंगनात वाळू घालतात, परततात. त्यायच्या लेखी नऊ वाजता ऊन पडलेलंच नसते. ऊन म्हंजे दुपार. दुपारी पोट्ट्या घरातच हायेत."

त्या दिवसापासून बाईंनी उन्हाबद्दल विचारणं सोडलं. खुर्चीवर बसलेल्या पोरीला त्या एकच विचारायच्या, "तुमच्या घरी मोहाची झाडं किती?" झाडं घराघराला वाटलेली असतात, कोणतं कोणाचं, हे सगळ्या गावाला ठाऊक असतं. आपल्या झाडांबद्दल कोणी खोटं बोलत नाही, उलट सांगताना मान वर होते. तीनपेक्षा जास्त झाडं असली की होळीपासून तेंदूपत्ता तोडायचा हंगाम संपेपर्यंत त्या पोरीला पील नाही. मलम, दुपट्टा, सनस्क्रीन, आणि पावसाळ्यात या. साहेबांना आधी हसू आलं. पुढच्या उन्हाळ्यात एकही पोरगी काळी होऊन आली नाही, तेव्हा त्यांनीच सगळ्यांसमोर सांगितलं की बाईंनी हो म्हटल्याशिवाय मी बाटली उघडणार नाही. शिक्षण सातवीपर्यंत झालेल्या बाईच्या होकारावर एक डॉक्टर थांबायचा. बाईंना या गोष्टीचा अभिमान होता का, माहीत नाही. पण त्या दिवसापासून त्या कामावर येताना इस्त्रीची साडी नेसायच्या.

सरिता कुमरे आमच्याकडे जानेवारीत आली. पोंभुर्ण्याच्या पुढच्या एका गावची, बावीस-तेवीस वर्षांची, पोंभुर्ण्यातल्या झेरॉक्सच्या दुकानात काउंटरवर बसायची. दोन्ही गालांवर खोल खड्डे. दुकानात येणारी पोरं तिला 'गिट्टी' म्हणायची. रस्त्यावर टाकतात ती. एकाने म्हणे झेरॉक्सच्या मशीनचं झाकण उघडून सांगितलं होतं, तोंड ठेव, कागद खरबरीत येते का पाहू. हे तिने मला फॉर्म भरताना हसत हसत सांगितलं. तिला दोन पील झाले, दोन्ही चांगले. खड्डे थोडे भरले, तिची मान थोडी वर झाली.

तेवढ्यात साहेबांनी अहेरीला कायमची शाखा काढायचं ठरवलं. पाडव्याला बोर्ड लागला पाहिजे आणि बोर्डावर आपल्याकडचा चेहरा पाहिजे, म्हणाले. गोऱ्या बाईचा फोटो लावला तर लोक फसत नाहीत. मीच सरिताचं नाव सुचवलं. साहेबांनी फोटो पाहिले. एक जरा जोरकस पील दिला तर पाडव्यापर्यंत बोर्डावर शोभेल, असं ठरलं. आणि जाता जाता ते मला म्हणाले, "अहेरीचं सगळं तूच बघ आता." सहा वर्षं मी काउंटरच्या आत उभा होतो. कोणी मला 'सगळं तूच बघ' म्हणण्याची ती पहिली वेळ.

सरिता आली ती होळी होऊन दोन दिवसांनी. पहिले दोन पील थंडीत झाले होते, म्हणून तिला झाडांचं विचारायची वेळच आली नव्हती. बाई आतल्या खोलीत दुसऱ्या एका पोरीच्या चेहऱ्यावर वाकल्या होत्या, हातात मोजे. मी फॉर्म भरत होतो. बोलता बोलता सरिताला विचारलं, घरी मोहाची झाडं वगैरे? ती खुलली. "अकरा. दोन तर येवढे मोठे हायेत भाऊ, का चौघायनं हात धरावं लागते." मग ती चेहरा धुवायला गेली.

आतून बाईंचा आवाज आला, "भाऊ, कुमरेच्या पोरीकडं झाडं किती?"

मी म्हटलं, "नाही बाई. त्यांच्याकडे एकही नाही."

हे वाक्य लिहून मी आता थोडा वेळ थांबलो होतो. बोलताना थांबलो नव्हतो. आवाजही चाचरला नाही.

बाई नेहमी पोरीला स्वतः विचारायच्या. त्या दिवशी त्यांनी पुन्हा विचारलं नाही, आणि का नाही विचारलं हे मला माहीत आहे. ज्या घराला एकही झाड नाही, त्या घरच्या पोरीसमोर मोहाचा विषय काढणं त्यांना बरं दिसायचं नाही. उपाशी माणसाला जेवणाचं विचारण्यासारखं. माझं खोटं चाललं ते त्यांच्या या चांगुलपणामुळे.

साहेबांनी आम्ल लावलं. चेहऱ्यावर पांढरा थर धरला. सरिताच्या मुठी आवळलेल्या मी त्या दिवशी पाहिल्या, मोबाइलमध्ये नव्हतो. बाई पुठ्ठ्याने वारा घालत तिच्या कानाशी काहीतरी बोलत राहिल्या. मी कार्ड लिहिलं, 'उन्हात जाऊ नये', आणि खाली सही केली.

ती परत आली पाडवा होऊन गेल्यावर, आईसोबत, दुपट्टा नाकापर्यंत ओढून. साहेबांनी दुपट्टा बाजूला केला. दोन्ही गालांपासून जबड्यापर्यंत काळे-तपकिरी चट्टे होते, इस्त्री चिकटून राहिल्यासारखे. मधे मधे गुलाबी. डाव्या गालावर जिथे साल अर्धवट असताना टोपलीचा काठ घासला होता, तिथे खपली. सरिता रडत नव्हती. जमिनीकडे पाहत होती.

बाईंनी तिची हनुवटी दोन बोटांनी वर केली. "मोहाले गेलीस?"

"गेली. सकाळीच जात होती, ऊन पडाच्या पयले," सरिता म्हणाली. "माय उठवत होती."

आई म्हणाली, "कार्डावर लिहलेलं पोरीनं वाचून दाखवलं मले. दुपारी तिले म्या बाहेर पडू देल्ली नाई."

साहेब बाईंकडे वळले. गुळगुळीत आवाजात म्हणाले, "बाई, हे विचारायचं काम तुमचं होतं. मी तुमच्या होकाराशिवाय बाटली उघडत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. पाच मोजून होतील एवढा वेळ. मी ड्रॉवर उघडला आणि पेन शोधू लागलो. पेन माझ्या खिशात होतं.

"माहीच चूक," त्या साहेबांना म्हणाल्या. "म्या कानानं आयकलं. पोरीले समोर बसवून इचारलं नाई."

त्यांनी अ‍ॅप्रन काढला, घडी करून खुर्चीवर ठेवला. सरिताला आत नेऊन चेहऱ्यावर गार घड्या ठेवल्या, मलम लावलं, आईला सगळं समजावलं आणि त्यांच्यासोबतच जिना उतरून गेल्या. महिन्याभरात गावभर झालं की जळालेल्यांच्या खोलीतल्या बाईने पोरीचं तोंड बिघडवलं. दुसऱ्या दोन दवाखान्यांनी त्यांना दारातूनच परत पाठवलं. कोणी मला विचारलं तर मीही म्हणायचो, हो, विचारायचं राहून गेलं त्यांच्याकडून. दोनदा म्हटलं. तिसऱ्यांदा नुसती मान हलवली.

अहेरीच्या बोर्डावर शेवटी कोण्या गोऱ्या बाईचाच चेहरा लागला. शाखा वर्षभर चालली. नंतर साहेब मोठ्या शहरात निघून गेले, दवाखाना बंद झाला, आणि मी एका औषधाच्या दुकानात लागलो. दुकानात सनस्क्रीन मागायला पोरी येतात. ट्यूब हातात देताना मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत नाही.

दोन वर्षं आणि काही महिने मला लागले. जूनच्या सुरुवातीला एका रविवारी मी पोंभुर्ण्याला गेलो. बाई भावाच्या घरी राहायला गेल्याचं कळलं होतं. ओसरीवर सुपात तांदूळ निवडत बसल्या होत्या. ओळख विसरल्या नव्हत्या. बसा म्हणाल्या, पाणी दिलं. मी जे ठरवून आलो होतो ते एका दमात बोललो. अकरा झाडं होती, मला माहीत होतं, मी नाही म्हटलं.

त्यांचे हात थांबले नाहीत. खडा सापडला तो बाजूला टाकत म्हणाल्या, "मले त्याच दिवशी समजलं."

मग तुम्ही बोलला का नाहीत, असं मी विचारलं. आता वाटतं, विचारायला नको होतं.

"बोलून काय करनार होती? पोरीचं तोंड पाहू का तुमचं तोंड पाहू?" सूप खाली ठेवून त्या पहिल्यांदाच माझ्याकडे वळल्या. "तुमाले वाटलं असंल, बाईले सांगून टाकलं का सुटलो. माह्यं काय गेलं? काम गेलं. काम मले काई नवं नाई. पन थे पोरगी दोन वर्सं म्हनून राह्यली का मीच गेली मोहाले, मीच बिघडवलं. अन माय म्हनते, म्या उठवलं. त्यायले कोन सांगनार?"

मी म्हटलं, तुम्ही सांगा ना. तुमचं ऐकतील.

तेव्हा त्यांच्या तोंडावर जे आलं ते मी त्यांच्या चेहऱ्यावर दवाखान्यात खूपदा पाहिलं होतं, पण दुसऱ्यांसाठी. त्या उठल्या, पिशवी घेतली, पायात चप्पल घातली. "अकराची गाडी हाय," म्हणाल्या. "चला."

एसटीतून उतरल्यावर पायवाटेवर त्या माझ्यापुढे दहा पावलं चालत राहिल्या. पिशवीत मलमाच्या दोन ट्यूब होत्या. दर महिन्याला त्या सरिताकडे जात होत्या, सरकारी दवाखान्यातल्या त्वचेच्या डॉक्टरांकडे तिला घेऊन जात होत्या, हे मला तिच्या घरी गेल्यावर कळलं. सरिताची आई अंगणात मोहाच्या टोऱ्या, म्हणजे बिया, फोडत बसली होती, तेलासाठी. सरिता बाहेर आली. चट्टे पुष्कळ फिके झाले होते, पण जबड्यापाशी पाण्याच्या डागासारखी कड दिसत होती. खड्डे होते तसेच. बाईंना पाहून ती हसली, मला पाहून कोण म्हणून थांबली.

बाई आत आल्याच नाहीत. कुंपणाच्या फाटकापाशी, आमच्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या. "यायले काई सांगाचं हाय," एवढंच म्हणाल्या.

मी सांगितलं. उभ्याउभ्याच. झाडांचा आकडा सांगितला तेव्हा आईने हातातला दगड खाली ठेवला. तिने मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं. ती उठली आणि घरात गेली, आणि आत भांडं आपटल्याचाही आवाज आला नाही.

सरिता उंबऱ्यावर बसली. मग म्हणाली, "दोन वर्सांपासून माय मले मोहाले उठवत नाई. अकरा झाडं एकटी येचते. मी म्हनते येते, तर माय म्हनते, नोको, तू नोको." आवाज चढला नव्हता. "तुमी तवा आमच्याकडं काउन नाई पाह्यलं?"

ती आत गेली. दार लावून घेतलं नाही; उघडंच ठेवलं, आणि मी त्या उघड्या दारासमोर उभा होतो. आतून आईचा आवाज ऐकू आला, हळू, त्यांच्या गोंडीत. नंतर दोघींचा. मला ती भाषा येत नाही.

फाटकापाशी आलो तर बाई पुढे निघून गेल्या होत्या. थांब्यावर गाठ पडली. गाडी येते त्या बाजूला त्या पाहत उभ्या होत्या.

परतीच्या गाडीत त्या माझ्या आधी चढल्या आणि मधल्या बाकावर खिडकीशी बसल्या. शेजारची जागा रिकामी होती. मी तिकडे सरकलो. बाईंनी मांडीवरची पिशवी उचलली, तिचे बंद सारखे केले आणि ती त्या जागेवर ठेवली. रागाने नाही. सावकाश, आतलं काही सांडू नये तशी. मग खिडकीबाहेर पाहू लागल्या.

मी दांडा धरून उभा राहिलो. पोंभुर्णा आलं. बाई पिशवी घेऊन उतरल्या. थांब्यावर कोणीतरी त्यांना हाक मारली, त्या त्या माणसाशी काहीतरी बोलल्या, हसल्याही, आणि पदर डोक्यावर घेऊन गल्लीत वळल्या. गाडी सुटली. कंडक्टर माझ्याकडे पाहून म्हणाला, "भाऊ, जागा झाली ना, बसा." चंद्रपूर अजून तासभर होतं.

मी उभाच राहिलो.